चिंचबन स्टेशनचा जिना

दिग्रसला माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं तर लोक सांगतात, "तो लहान लहान गावं बनवते." सांगणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुक असतं, थोडी गंमत असते. मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण ते खरंच आहे. धरण, दवाखाना, कॉलेज, पूल असं काही बांधायचं ठरलं की ते आधी कसं दिसेल याचं लहान मॉडेल करून द्यायचं, हा माझा धंदा. माझ्या गावांतली माणसं तांदळाच्या कणीएवढी असतात आणि झाडं तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची.

या धंद्यात मी शिकून आलो नाही. तरुणपणी आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीसाठी पुठ्ठ्याचे देखावे करायचो. एका वर्षी स्तूप केला होता, तो एका धरणाच्या साहेबांनी पाहिला आणि विचारलं, "असंच धरण करता येईल का?" मी हो म्हणालो. धरण तेव्हा मी नीट पाहिलंही नव्हतं. पण ते मॉडेल लोकांना आवडलं आणि पुढची कामं आपोआप येत गेली.

नवख्या माणसाला वाटतं, नकाशा असताना मॉडेल कशाला? त्याचं उत्तर मी शेकडो बैठकांत उभं राहून शिकलो. नकाशा समोर धरला की लोक मान डोलावतात आणि घरी जातात. मॉडेल समोर ठेवलं की लोक बोट दाखवतात. "इथं आमची विहीर आहे, ती कुठं गेली?" असं विचारतात. भांडतातसुद्धा. ज्या मॉडेलवर भांडण झालं नाही ते मी फारसं चांगलं झालं असं धरत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना कॉलेजच्या गेटवर वडिलांचं नाव लांबूनही वाचता यायला हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, एवढी अक्षरं काढली तर गेट इमारतीपेक्षा मोठं होईल. त्यातून आगबोट जाईल." ते शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या ना मग आगबोट." मी गेट केलं. कॉलेज काही झालं नाही. एका तालुक्याच्या नव्या बसस्थानकाचं मॉडेल मी तीन साहेबांच्या काळात तीनदा केलं. झाडं तिन्ही वेळा तीच वापरली.

हीच या धंद्यातली खंत आहे. 'प्रस्तावित' हा शब्द मी जेवढ्या वेळा पाटीवर कोरला तेवढ्या वेळा क्वचितच कुणी कोरला असेल. बरंचसं माझ्या टेबलावरच उभं राहिलं आणि तिथंच राहिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. अलीकडे एका मोठ्या शहराच्या मेट्रोचं काम माझ्याकडे आलं. शहराचं नाव लिहीत नाही, करारातच तसं आहे. ही मेट्रो विनाचालक आहे. गाडीत ड्रायव्हरची केबिनच नाही. दूर एका खोलीत बसलेली माणसं पडद्यावर सगळ्या गाड्या पाहत असतात. चालवणं, थांबवणं, दारं उघडणं हे सगळं यंत्र करतं. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. तिची दारं आणि गाडीची दारं समोरासमोर यावी लागतात, तेव्हाच दोन्ही उघडतात. एक मार्ग आधीपासून सुरू होता. तो पुढं तीन दिशांना वाढवायचा प्रस्ताव होता आणि त्या तिन्ही फाट्यांचं मॉडेल हवं होतं, तेही चालत्या गाडीसह.

माझी शेड दिग्रसच्या एका बंद गोदामात आहे, शेजारी जिनिंग. कापसाच्या हंगामात बारीक तंतू उडत येतात आणि ओल्या रंगावर बसतात. रस्ता रंगवून जेवायला गेलो की परत येईपर्यंत त्यावर बर्फ पडलेला. तो चिमट्यानं वेचायचं काम कविता राठोडचं. कविता जवळच्या बंजारा तांड्यावरून येते. माझ्याकडे इतकी वर्षं आहे की आता झाडं आणि घरं करण्यात मी तिच्या मधे बोलत नाही. फोनवर तिच्या याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत बोलता बोलता तिच्या हातून अख्खी गल्ली तयार होते.

गाडी चालवायला मी सलीमला धरलं. त्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं रुळाखाली चुंबकं बसवली, गाडीच्या पोटात एक चिप टाकली. स्टेशन आलं की गाडी आपोआप थांबायची. सगळीकडे थांबायची, फक्त एका फाट्याच्या शेवटच्या स्टेशनवर, चिंचबनला, तिचं मन लागत नव्हतं. कधी थांबे, कधी सरळ पुढे.

सलीमनं कौतुकानं गाडीचा व्हिडिओ काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. दिग्रसला मेट्रो येऊन राह्यली असा समज झाला होता. एक व्यापारी तर स्टेशन मार्केट यार्डाच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारून गेले. मी शहराची आहे म्हटलं, तर डोळा बारीक करून म्हणाले, "सांगायचं नसन तर नका सांगू भाऊ, आमाले समजते."

अशा येणाऱ्यांमध्ये एका दुपारी एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खाकी पॅन्ट, हातात पिशवी. दारात चपला काढल्या आणि टेबलाच्या टोकाशी येऊन उभे राहिले. सलीम गाडी तपासत होता. गाडी चिंचबनला आली, थांबली नाही, टेबलाच्या कडेवरून खाली गेली. त्या गृहस्थांनी पिशवी सोडून दोन्ही हातांनी ती वरच्या वर झेलली.

गाडी उलटी करून पाहत त्यांनी विचारलं, "याले ब्रेक नाई का जी?"

"आहे," सलीम म्हणाला, "लेकिन चिंचबनले लागत नाई."

"मी त्याच्याचसाठी आलो," ते म्हणाले. "चिंचबनसाठी."

ते नामदेवराव. राहणार फुलसावंगी. सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केलेली. उमरखेड, पुसद, दिग्रस, यवतमाळ हे रस्ते त्यांना तळहातासारखे पाठ. त्यांना दिग्रसच्या स्टेशनात रस नव्हता. त्यांची मुलगी वैशाली त्या शहरात चिंचबन भागात राहते. नवराबायकोनं मिळून एक छोटं बैठं घर घेतलं होतं. गेल्या काही दिवसांत माणसं येऊन गल्लीतल्या भिंतींवर लाल खुणा करून गेली होती. कुणी म्हणे रस्ता रुंद होणार, कुणी म्हणे गल्लीच जाणार. व्हिडिओत 'चिंचबन (प्रस्तावित)' अशी पाटी दिसली, तेव्हा नामदेवराव दोन बस बदलून आले.

"माह्या पोरीचं घर कोठी हाय याच्यात, तेवढं दाखवा," ते म्हणाले. "फोनवर ते रडत नाई. पन आजकाल लवकर फोन ठेवते."

मी लगेच बोट ठेवलं नाही. कारण मला ठाऊक होतं. चिंचबन स्टेशन रस्त्याच्या मधोमध खांबांवर उंच होतं आणि त्याचा जिना खाली कुठं उतरवायचा याचे दोन पर्याय आराखड्यात होते. पहिल्या पर्यायात तो डाव्या बाजूच्या गल्लीत उतरत होता. दुसऱ्यात उजव्या बाजूच्या भाजीबाजारात. टेबलावर तेव्हा पहिला पर्याय लावलेला होता. गल्लीच्या जागी राखाडी रंगाचा जिना होता.

पत्ता विचारून मी बोट ठेवलं ते जिन्यावर. नामदेवराव वाकून पाहत राहिले. "इथी तर काईच नाई," ते म्हणाले.

कविता उठली. फळीवरून मिठाईचा एक रिकामा डबा घेऊन आली. गल्लीतली घरं तिनं आधी केली होती, मग पर्यायाप्रमाणे काढली होती, पण फेकली नव्हती. डब्यात कापूस घालून त्यावर ठेवली होती. तिनं त्यातलं एक उचलून नामदेवरावांच्या हातावर ठेवलं.

"कोपऱ्यातलं म्हनता ना काका? हे असन. याले बाहेरून पायरी हाय."

त्यांनी ते नखाएवढं घर हातावर घेतलं. मग हळूच जिन्यावर टेकवून पाहिलं. ते तिथं बसेना, कलंडत होतं. त्यांनी दोनदा सरळ केलं. मग कविताच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "पानी द्याल का थोडं."

आराखडे कुणाला दाखवू नयेत अशी आम्हाला सक्त ताकीद होती. मी मोठं काही धाडस केलं नाही. त्या प्रकल्पाच्या पाटणकर मॅडमना सरळ फोन लावला. त्या इंजिनिअर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं मोजकं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दाखवलंत ते बरंच झालं. हे दोन्ही पर्याय आम्ही तिथल्या कार्यालयात लावलेच आहेत, पण कुणी येऊन पाहत नाही. त्यांना सांगा, काही ठरलेलं नाही. जनसुनावणीला मुलीला घेऊन या. आणि भाऊ, जिना चिकटवू नका."

जिना मी चिकटवलाच नव्हता. इतक्या वर्षांत एक शिकलोय, साहेब लोक जे नक्की म्हणतात ते खिळ्यावर नुसतं टेकवून ठेवायचं.

नामदेवरावांना मी निरोप सांगितला. त्यांनी विचारलं, "म्हनजे घर राह्यते?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण अजून विचारायला जागा आहे."

त्यांनी पिशवीतून घरच्या हळदीची पुडी काढून कविताला दिली. जाताना सलीमला म्हणाले, "उतारावर गाडी जोरात येते, म्हनून थांबत नाई. चुंबक थोडं अलीकडं घे." सलीमनं अलीकडं घेतलं. गाडी तरीही थांबली नाही. शेवटी बिघाड चिपेतच निघाला.

सुनावणी चिंचबनच्या एका मंगल कार्यालयात होती. आम्ही मॉडेलचे तुकडे गाद्यांत गुंडाळून टेम्पोतून नेले. सकाळी मांडणी झाली तेव्हा खुर्च्या ओळीनं लावलेल्या होत्या. लोक आले आणि एकही माणूस खुर्चीवर बसला नाही. सगळे टेबलाभोवती. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून पाहत होते.

नामदेवराव वैशालीला घेऊन आले होते. ती वडिलांसारखीच उंच. मला "नमस्कार काका" म्हणाली आणि सरळ जिन्यापाशी जाऊन उभी राहिली.

पाटणकर मॅडमनी माइकवरून दोन्ही पर्याय समजावले. मी आधी पहिला जिना लावून दाखवला, मग तो काढून दुसरा. पहिला लावला की गल्लीतले लोक बोलायला लागत आणि बाजारातले गप्प राहत. दुसरा लावला की उलट. भाजीबाजारातल्या एक मावशी पुढं आल्या. म्हणाल्या, "बाजार तिकडं हलवू म्हणता. गिऱ्हाईक हलतं का? माझ्या सासूपासून तिथं बसतोय आम्ही."

"आणि आम्ही घर कुठं हलवायचं?" गल्लीतला एक जण म्हणाला.

आवाज चढू लागले. मेट्रो नकोच, असंही मागून कुणी ओरडलं. मॅडमनी माइक खाली ठेवला आणि टेबलापाशी आल्या. वैशालीनं त्यांना विचारलं, "मॅडम, एवढा लांब जिना काहून लागते? आमच्या शाळेचा जिना यापेक्षा अर्धा होता."

मॅडमना राग आला नाही. त्यांनी सांगितलं, "स्टेशन तिसऱ्या मजल्याएवढं उंच आहे. जिना उभा केला तर म्हातारी माणसं चढू शकत नाहीत. आणि काही झालं तर सगळ्या प्रवाशांना झटकन खाली उतरता आलं पाहिजे. म्हणून तो लांब."

"लांब राहू द्या," वैशाली म्हणाली. "पण सरळच जायला पाहिजे का? आमच्या गल्लीकडं येण्याऐवजी रस्त्याच्या बाजूनं नाही का वळत?"

मॅडमनी मॉडेलवर रस्त्याच्या कडेला बोट ठेवलं. "वळवायचा तर फुटपाथ जाईल, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हा मधे कापता येईल?"

एवढ्या लोकांत मी कधी काम केलं नव्हतं. कटर काढला, पट्टी लावली, जिना अर्ध्यात कापला. कवितानं मधे थांबायच्या जागेसाठी पुठ्ठ्याचा चौकोन करून दिला. वरचा अर्धा जिना एका दिशेनं, खालचा वळून दुसऱ्या दिशेनं, असा मी तो रस्त्याला लागून उभा केला. कविता डबा उघडून घरं परत लावू लागली. एकेक घर बसत गेलं. कोपऱ्यातलं वैशालीचं घर शेवटी. ते बसलं, पण त्याच्या पुढचं अंगण बसलं नाही. आणि फुटपाथवरचं सायकल दुरुस्तीचं दुकान जिन्याच्या बरोबर खाली आलं.

सायकलवाले तिथंच होते. म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचं भलं आणि माझं दुकान जिन्याखाली?"

"जिन्याखालची जागा तुम्हाला देता येईल का, ते मी विचारते," मॅडम म्हणाल्या. "देता येईलच असं आज म्हणत नाही."

"सावली राहील?"

"भरपूर."

"मग विचारा," ते म्हणाले, आणि कुणीतरी हसलं. वातावरण तिथं निवळलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे अंतिम नाही, रस्त्याखालच्या पाइपलाइनी पाहाव्या लागतील, पण हा तिसरा पर्याय म्हणून त्या पुढं नेतील. वैशाली अंगणाच्या जागेवर बोट फिरवत उभी होती. मी म्हटलं, "अंगण गेलं गं." ती म्हणाली, "अंगणातली गाडी रस्त्यावर लावू काका. झोप तर लागेल."

पुढचं आधीच सांगून टाकतो. काही महिन्यांनी मॅडमकडून सुधारित आराखडा आला. त्यात वळणाचा जिना होता, सायकलच्या दुकानासाठी जिन्याखाली एक गाळाही दाखवला होता. मंजुरी अजून यायची आहे. पाटीवर 'प्रस्तावित' आहेच. पण भिंतींवरच्या लाल खुणांवर गल्लीनं दिवाळीचा रंग मारला आहे, असं वैशालीनं कळवलं.

त्या दिवशी मात्र सुनावणी आटोपल्यावर अजून ऊन होतं. सलीम आणि कविता मॉडेल बांधत होते. वैशाली म्हणाली, "बाबा, आता आलाच आहात तर जिथपर्यंत मेट्रो सुरू आहे तिथपर्यंत बसून या. काका, तुम्हीपण जा." तिनं रिक्षा करून दिली. मी इतके दिवस त्या गाडीचं माप पाठ केलं होतं, पण खरी गाडी मी अजून पाहिली नव्हती.

काचेची दारं उघडली, आम्ही आत शिरलो. नामदेवराव गर्दीतून वाट काढत सरळ पुढे गेले. जिथं ड्रायव्हर असायला हवा तिथं मोठी काच आणि तिच्यालगत दोन सीटा. एका मुलीनं त्यांचं वय पाहून जागा दिली. मी शेजारी बसलो. समोर दोन रूळ, दोन्ही बाजूंना घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे. गाडी निघाली ती आवाज न करता.

पहिल्या वळणावर त्यांचा उजवा पाय पुढं सरकला आणि जमिनीवर दाबला गेला. स्टेशन दिसलं की पुन्हा. हात मांडीवर मुठी करून ठेवलेले. मी म्हटलं, "नामदेवभाऊ, तिला कळतं कुठं थांबायचं ते."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "पायाले मालूम नाई."

गाडी नेमकी दारासमोर दार आणून थांबली. त्यांनी मागं वळून उतरणारे-चढणारे नीट पाहिले. "कोनी लोंबकळत नाई," म्हणाले. "बरं हाय." पुढच्या स्टेशनलाही गाडी तशीच थांबली, त्याच्या पुढच्यालाही. ते बोलू लागले. महागावच्या पुढं पावसात रस्ता दिसायचा नाही, बैलगाड्यांना दिवे नसायचे, मागं साठ माणसं झोपलेली आणि समोर आपण एकटेच जागे. "सारी उमर पुढच्या सीटवर गेली," ते म्हणाले. "मागच्यायचं बरं असते. ते झोपते."

हळूहळू त्यांचा पाय सैल झाला. मग त्यांनी तो मागं घेतला, चप्पल काढली आणि दुसऱ्या पायावर टाकला. एक लांब सरळ पट्टा आला. ऊन काचेतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

माझा फोन वाजला. वैशाली होती.

"कुठपर्यंत पोचलात काका? बाबा काय करून राह्यले?"

मी बाजूला पाहिलं. त्यांची मान काचेला टेकली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

"झोपले," मी म्हटलं. "पुढच्या सीटवर."

ती हसायला लागली. "झोपू द्या," म्हणाली. "स्टेशन गेलं तर जाऊ द्या काका, उठवू नका."